मोठ्या सिस्टरांचा ओव्हर

दरवर्षी १२ मेच्या मागच्यापुढच्या रविवारी आमच्या नर्सिंग स्कूलच्या माजी विद्यार्थिनी मंडळाचं संमेलन भरतं. (आता ब्रदरही, म्हणजे पुरुष नर्सही, सभासद आहेत. मंडळाचं नाव बदलायचा ठराव पडून आहे.) दिवस नाइटिंगेलबाईंच्या जन्माचा, पण पुण्यात मे म्हणजे लग्नसराई. कार्यालयाचं भाडं आम्हाला कुठून परवडणार? म्हणून सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा हॉल घेतो, सुट्टीत तो रिकामा असतो. दीपप्रज्वलन होतं, स्वागतगीत होतं, अहवालवाचन होतं. अहवाल मीच वाचते, तेव्हा त्याबद्दल न बोललेलं बरं. प्रमुख पाहुणे रमाबाई रानड्यांच्या सेवासदनापासून, म्हणजे १९०९ पासून सुरुवात करतात, सेवासदनाच्या मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जायच्या ते सांगतात, फोटो काढून घेतात आणि जिलबी यायच्या आत निघतात.

आम्ही जमायचो ते त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या जुन्या मेट्रन, उठायच्या, पदर खोचायच्या, माईक बाजूला सारायच्या आणि ओव्हर द्यायच्या. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला वॉर्डाची खडान्‌खडा माहिती देतात ना, तसा. भाषण म्हणून त्यांनी कधी केलंच नाही.

"बेड नंबर चार. मुलगा, वय नऊ, धनुर्वात. खिडकीला काळा पडदा आहे, तो काढू नये. भांडं आपटलं तरी झटका येतो, मावशींना सांगून ठेवावं. आई दारात बसून आहे, सकाळपासून उपाशी आहे, तिला चहा द्यावा."

"बेड नंबर अकरा. भाजलेली बाई. कागदावर स्टोव्हचा भडका आहे. नवरा आला तर तिला एकटीला सोडू नये."

एवढंच. मग पुढचा बेड. या पेशंटांना जाऊन तीस-चाळीस वर्षं झालेली, काही घरी गेले, काही वर. पण त्या असं सांगायच्या, की आता आपल्यालाच डबल ड्युटी लागणार असं वाटायचं. अकरा नंबरच्या बाईला मीही पाहिलं होतं, विद्यार्थिनी असताना. तो बेड आला की मी दरवर्षी पाण्याचे ग्लास भरायच्या निमित्ताने मागे जायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एका पेशंटचं नाव बाहेर पडलं नाही, हेही लिहून ठेवते.

त्या वाई तालुक्यातल्या. मुलीने परक्यांची अंगं पुसायची, हे वडलांना पटेना. त्यांच्या आईने बांगडी मोडून होस्टेलची ट्रंक घेऊन दिली. १९६१ साली १२ जुलैला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा त्या दुसऱ्या वर्षाला होत्या. वीज नाही, नळ कोरडे, त्यांनी स्टोव्हवर सिरिंज उकळल्या. तेव्हा सिरिंज काचेच्या, सुया पुन्हापुन्हा वापरायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची. रबरी हातमोजे धुऊन, वाळवून, पावडर लावून ठेवायचे, भोक पडलं तर ठिगळ. आमच्या बॅचलाही त्यांनी हे शिकवलं आणि वर म्हणाल्या, "सुई टोचण्याआधी स्वतःच्या नखावर ओढून बघ. खरखरली तर परत घास."

मुलांचा वॉर्ड, मग लेबर रूम, शेवटी मेट्रन. यजमान शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. बाईंची नाइट असली की स्वयंपाक ते करायचे आणि पिठलं त्यांच्यापेक्षा चांगलं करायचे, हे त्या स्वतःच कबूल करायच्या. २००० साली निवृत्त झाल्या. त्यानंतर गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची ड्रेसिंग त्यांच्याच ओट्यावर झाली, पैसे न घेता.

२०२० मध्ये नाइटिंगेलबाईंची द्विशताब्दी होती. आम्ही मोठा बेत केला होता, पत्रिकाही छापल्या होत्या. मार्चमध्ये नायडू हॉस्पिटलात पहिले कोरोना पेशंट आले आणि मे उजाडेपर्यंत आमचे निम्मे सभासद पीपीई किटमध्ये. सिस्टर रोज रात्री एकेकीला फोन करायच्या. "जेवलीस का" हा पहिला प्रश्न, "पाय सुजलेत का" हा दुसरा.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. यंदाचं संमेलन त्यांच्या आठवणींचं, हे दोन महिने आधी कळवलं होतं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. प्रत्यक्षात बारामती, सातारा, जुन्नरच्या बायका पहिल्या एसटीने आल्या आणि बाणेर-वाकडच्यांना ट्रॅफिक लागला. रविवारी सकाळी! ज्यांच्या पहिल्या बाळंतपणात सिस्टर रात्रभर उशाशी बसल्या होत्या, त्यांतल्याही दोघी आल्या नाहीत. नावं लिहीत नाही, त्यांना कळेल.

ओव्हर कोण देणार यावर बरीच कुजबुज झाली. शेवटी आयसीयूतला एक तरुण ब्रदर उठला. व्हेंटिलेटरवरच्या एका आजोबांचा ओव्हर त्याने दिला, फार भरभर, अर्धा इंग्रजीत. पण शेवटी म्हणाला, "नातीचा व्हिडिओ कॉल साडेसातला येतो, फोन कानाशी धरावा." पुढच्या वर्षीही त्यालाच उभं करायचं, मी ठरवून टाकलंय.

आता आभार. हॉलची किल्ली देणारे शिपाईदादा आणि त्यांच्या वहिनी, ज्यांनी न सांगता रांगोळी काढली. मसालेभात आणि मठ्ठा करणारे आचारीकाका. माईकवाला मुलगा. समई आणणाऱ्या लेबर रूमच्या ताई. सिस्टरांचा फोटो फ्रेम करून देणारा त्यांचा मुलगा. हिशोब बघणाऱ्या ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. सातारकरणींना स्वारगेटहून दोन खेपांत आणणारे रिक्षावाले मामा, त्यांनी मीटरपेक्षा कमी घेतले. खुर्च्या मांडणारी दुसऱ्या वर्षाची मुलं, आणि ताटं उचलायला थांबलेल्या मावशी, त्यांना मागच्या वर्षी मी विसरले असं त्या म्हणतात, मी विसरले नव्हते. वर्गणी दोनशेच आहे. ज्यांची राहिली आहे त्यांनी ओटीच्या सिस्टरांकडे द्यावी, माझ्याकडे नको, माझ्याकडे सुटे नसतात.