साइजोचा साके महोत्सव: लाल धुराड्यांच्या गावात दोन दिवस

हिरोशिमाहून सान्यो मार्गाच्या लोकलने निघाले की साधारण चाळीस मिनिटांत साइजो येते, आणि स्थानकाच्या आसपासच लाल विटांची उंच धुराडी दिसू लागतात. हिगाशीहिरोशिमा शहराचा हा भाग साकेसाठी, म्हणजे तांदळापासून बनणाऱ्या जपानी मद्यासाठी, ओळखला जातो. साके गाळणाऱ्या कारखान्याला जपानीत ‘कुरा’ म्हणतात. असे सात कुरा येथे स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी जपानमध्ये क्रीडादिनाची सुट्टी असते. तिच्या आधीच्या शनिवारी व रविवारी, 1990 पासून, येथे साके महोत्सव भरतो. आम्ही दोघे दोन्ही दिवस गेलो होतो.

महोत्सवाचे मुख्य आकर्षण म्हणजे मध्यवर्ती उद्यानातले ‘साके हिरोबा’, म्हणजे साकेचे पटांगण. तिकीट काढून आत गेल्यावर हातात एक चिमुकला पेला मिळतो आणि जपानच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या सुमारे हजार प्रकारच्या साके प्रांतवार मांडलेल्या दिसतात. तिकीट आगाऊ काढावे. दर व प्रवेशाचे नियम बदलत असल्याने त्या वर्षीची माहिती निघण्यापूर्वी पाहून घ्यावी. मात्र खरे सांगायचे तर हिरोबात आमचे मन फारसे रमले नाही. दहाव्या पेल्यानंतर जीभ बधिर होते, आणि कोणती साके कोणत्या प्रांताची हे सांगणे आमच्यासारख्या नवख्याला अशक्य होते. आमचा दिवस सार्थकी लागला तो कुरांच्या गल्लीत.

पांढऱ्या भिंती, त्यांच्या खालच्या भागावर काळ्या फरशांची तिरकस जाळी, आणि दारावर टांगलेला ‘सुगी’ या जपानी सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्यांचा मोठा गोळा. हा गोळा नवी साके तयार झाली की हिरवागार टांगतात. ऑक्टोबरपर्यंत तो वाळून तपकिरी होतो, म्हणजे साके मुरली आहे हे वाटसरूला दारावरूनच कळते. याच ऋतूत ‘हियाओरोशी’ मिळते, आणि ती अवश्य चाखावी: हिवाळ्यात गाळून एकदाच तापवलेली, उन्हाळाभर मुरवलेली आणि बाटलीत भरताना पुन्हा न तापवलेली ही साके चवीला गोलसर व भरीव लागते. साके ऊर्ध्वपातित नसते, त्यामुळे आपली ‘पहिल्या धारेची’ ही भाषा येथे लागू पडत नाही. शिजवलेल्या भातावर कोजी नावाची बुरशी वाढवून तो आंबवतात आणि मग पिळून गाळतात. एका कुराच्या दारातून येणारा वास थेट आंबोळीच्या आंबलेल्या पिठाची आठवण करून देणारा होता, फक्त त्यात पिकल्या केळ्याची झाक अधिक.

तांदळाचे येथे फार कौतुक आहे. आपण हातसडीच्या तांदळाचे गुण गातो, तर येथे उलट, दाणा जितका अधिक घासलेला तितका मानाचा: ‘दाइगिंजो’ या प्रकारासाठी दाण्याचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग घासून काढतात. या कामासाठी यंत्रशक्तीवर चालणारी गिरणी साताके रिइची यांनी 1896 मध्ये साइजोतच तयार केली. त्याच काळात जवळच्या अकित्सु गावचे साके बनवणारे मिउरा सेन्झाबुरो मृदू पाण्याच्या प्रश्नाशी झुंजत होते. अशा पाण्यात खनिजे कमी, त्यामुळे यीस्ट मंदावते आणि साके बिघडते. त्यांनी कोजी तांदळाच्या आतपर्यंत नीट मुरू देऊन कमी तापमानात सावकाश आंबवण्याची पद्धत बसवली आणि 1898 मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली. तिने हिरोशिमाची साके देशभर नावारूपाला आली.

पाण्याचेच आणखी एक. काही कुरांच्या आवारात विहिरीचे पाणी नळाने सोडलेले असते आणि गावकरी तेथे बाटल्या भरताना दिसतात. आम्हीही भरली. साकेत मद्यार्क सुमारे 15 टक्के असतो, पण ती घशाखाली इतकी अलगद उतरते की अंदाज चुकतो. म्हणून जितकी साके तितके पाणी, हा जपानी लोकांचा शिरस्ता पाळावा आणि रिकाम्या पोटी सुरुवात करू नये. खाण्यासाठी ‘बिशुनाबे’ घ्यावे. कुरातल्या कामगारांचे हे जेवण मीठ, मिरी आणि साके एवढ्यावरच शिजते, व शिजताना मद्यार्क बराचसा उडून जातो. त्यात कोंबडी व डुकराचे मांस असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी सकाळीच हिरोशिमाहून पोटभर खाऊन निघावे. इतर पदार्थांतही माशाचा अर्क लपलेला असतो.

गाडी भाड्याने घेऊन जाण्याचा विचारही करू नये. पिऊन वाहन चालवण्याबाबत जपानचा कायदा अत्यंत कडक आहे, सायकलही त्यातून सुटत नाही आणि शेजारी बसलेल्यावरही कारवाई होऊ शकते. पिण्याचे किमान वय 20 वर्षे आहे. शिनकानसेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, हिगाशी-हिरोशिमा स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर असल्याने लोकलच सोयीची. साइजोतल्या खोल्या आम्हांला मिळाल्या नाहीत. हिरोशिमात राहिल्याने काही बिघडले नाही, मात्र संध्याकाळच्या परतीच्या गाडीत मुंबईच्या लोकलची आठवण यावी अशी गर्दी होती.

आमची एक चूक मात्र टाळावी. शनिवारी सकाळी अकरालाच हौसेने 720 मिलिलीटरच्या दोन बाटल्या घेतल्या, स्थानकावरचे लॉकर भरलेले निघाले, आणि दिवसभर ते ओझे खांद्यावर वागवावे लागले. खरेदी शेवटी करावी. भारतात प्रत्येकी 2 लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, त्यामुळे अशा दोन बाटल्या निर्धास्त आणाव्यात. फक्त ‘नामा’ म्हणजे मुळीच न तापवलेली साके घेऊ नये, ती सतत थंड ठेवावी लागते. ती तेथेच, दारावरच्या त्या तपकिरी गोळ्याखाली उभ्याने पिऊन टाकावी.