बुशवरचा ‘पी’

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडला बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती धातूची नळी, काही नवे नाहीत. साखर कारखान्यांचे, पंपांचे गन मेटलचे (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे) बुश इथं ढिगानं निघतात आणि ते करताना मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, भाषा कुणी बोलत नाही. गेल्या मे महिन्यात आलेली ऑर्डर मात्र फक्त २४ नगांची होती. लढाऊ विमानाच्या मेन लँडिंग गिअरच्या एका सांध्यातला कॉलरवाला बुश. सोबत नमुने दोन, ड्रॉइंग नाही. विमान रशियन बनावटीचं, आणि नमुने सेवेतून काढलेल्या दोन विमानांतून उतरवलेले. कुठलं विमान, कुणाची ऑर्डर, ते इथं लिहिण्याचं कारण नाही.

ड्रॉइंग नसणं या कामात नेहमीचंच. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानं ‘सृजन’ पोर्टल सुरू केलं. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या भागांची यादी त्यावर असते, ज्याला जमेल त्यानं पुढं यायचं. जुन्या विमानांच्या बारीकसारीक भागांचं ड्रॉइंग हाताशी नसलं की नमुना हेच ड्रॉइंग. आणि वापरलेला नमुना खोटं बोलतो, हे गृहीत धरूनच मोजायला बसावं लागतं.

आतला व्यास पिन फिरून झिजलेला असतो, तोही लंबगोल, कारण लँडिंगचा मार एकाच बाजूनं बसतो. म्हणून तो मधे मोजायचा नाही. पिन जिथं पोचत नाही त्या कडेला, ग्रीसच्या खाचेपलीकडं, मूळ माप शिल्लक असतं, तिथं मोजायचं. बाहेरचा व्यास झिजत नाही, कारण बुश भोकात दाबून बसवलेला असतो, पण काढताना त्यावर ओरखडे उठतात. ते सोडून आठ ठिकाणी माप घ्यायचं. धातू स्पेक्ट्रोवर, म्हणजे त्यात काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, तपासायचा. इथं रिपोर्टमध्ये साधारण १० टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के लोखंड आणि ४ टक्के निकेल आलं, बाकी तांबं. म्हणजे ॲल्युमिनियम ब्राँझ. रंगानं गन मेटलशी फसावं असं, पण गन मेटलची ताकद याच्या निम्म्याहूनही कमी. रंग बघून बार कापला तर बुश पहिल्या काही लँडिंगमध्येच पसरेल.

पहिल्या नमुन्याचा बाहेरचा व्यास ४०.४५ मिलिमीटर आला. त्यावर प्रोसेस शीट बनली, अण्णांनी लेथ लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात नग फिनिश झाले. दुसरा नमुना तेवढ्यात स्पेक्ट्रोहून परत आला. मापाला नवीन आलेली मिरजेची मुलगी होती. तिनं माप घेतलं, मायक्रोमीटर शून्यावर तपासला, पुन्हा घेतलं आणि मग हाक मारली.

“सर, हा चाळीस पॉइंट शून्य पाच येतोय.”

पहिला संशय तापमानावर गेला. सांगलीचा मे, शेडमध्ये ३८ अंश. मापाचं प्रमाण तापमान २० अंश. ४० मिलिमीटरचा ब्राँझचा नग १८ अंशांनी तापला तर व्यास साधारण १२ मायक्रॉननं वाढतो. मायक्रोमीटर आणि तो ज्यावर जुळवतात तो प्रमाण मापाचा मास्टरही तितकेच तापलेले असतील तर पोलाद कमी फुगतं म्हणून चूक तीन-चार मायक्रॉनच राहते. पण मास्टर एसीच्या खोलीतला आणि नग थेट मशिनवरचा असला, की पुरे १२ मायक्रॉन आत शिरतात. एच-७ या प्रमाणित मापवर्गातल्या ४० मिलिमीटरच्या भोकाला सूट, म्हणजे चालणारा फरक, आहे २५ मायक्रॉन. त्यातली निम्मी इथंच गेली. म्हणून नग चार तास मापखोलीत ठेवल्याशिवाय माप लिहायचं नाही, हा आमचा नियम. (आणि भडंग खाल्लेले तेलकट-पिवळे हात घेऊन मापखोलीत यायचं नाही, हा दुसरा. तो जास्त मोडला जातो.)

पण इथं फरक १२ मायक्रॉनचा नव्हता, ४०० मायक्रॉनचा होता. तापमान, ओरखडे, हाताची चूक, कशानंच ४०० मायक्रॉन होत नाहीत. दोन्ही नमुन्यांची लांबी तीच, कॉलरची जाडी तीच, खाच तीच, धातू तोच. फक्त बाहेरचा व्यास वेगळा.

मग भिंग घेऊन कॉलर बघितली. मोठ्या बुशवर अगदी पुसट कोरलेलं अक्षर होतं, इंग्रजी ‘पी’सारखं, आणि पुढं १. आमच्या पोरांनी ते आधीच पाहिलं होतं आणि शीटवर ‘पार्ट १’ असं लिहूनही टाकलं होतं. लहान बुशवर काहीच नव्हतं. विमान रशियन आहे हे डोक्यात असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं: रशियन लिपीत ‘पी’सारखं दिसणारं अक्षर म्हणजे ‘र’. र म्हणजे ‘रेमोन्त’, दुरुस्ती. र-१ म्हणजे दुरुस्तीचं पहिलं माप.

मूळ भोक ४० मिलिमीटरचं, एच-७ वर्गाचं, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. त्यात बसणारा बुश ४०.०४३ ते ४०.०५९. भोकापेक्षा १८ ते ५९ मायक्रॉन मोठा, म्हणून तो घट्ट बसतो. दोन-तीन ओव्हरहॉलनंतर जुना बुश काढला की भोकाच्या भिंतीवर गंजाचे खड्डे किंवा रेघा दिसतात. ते साफ करायला भोक थोडं मोठं करावं लागतं. प्रत्येकानं वाटेल तितकं मोठं करू नये म्हणून पायऱ्या ठरवलेल्या असतात. इथली पहिली पायरी ०.४ ची: भोक ४०.४, बुश ४०.४५. पायऱ्या फार नसतात. भोक ज्यात पाडलेलं असतं त्या बाहेर आलेल्या कानाची भिंत प्रत्येक पायरीला पातळ होते आणि ती ठरल्या मापाखाली गेली की तो अख्खा भाग बाद.

म्हणजे आम्ही नकल केली होती ती डिझाइनची नव्हती, एका विमानाच्या दुखण्याची होती.

हे सात नग तसेच गेले असते तर? मूळ मापाच्या भोकात ४०.४५ चा बुश बसत नाही. बसवायची रीत अशी: बुश द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांपर्यंत थंड करायचा. ४० मिलिमीटरला तो एक दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त आकसतो. मग काही सेकंदांत भोकात सरकवायचा. रेंगाळलात तर हवेतल्या दमटपणाचं बर्फ जमून तो अर्ध्यात अडकतो. इथं गरज जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची, आकसणार एक दशांश. बसत नाही म्हणून कुणी प्रेसवर जोर लावला तर लँडिंग गिअरच्या त्या कडक पोलादात कायमचा ताण राहून जातो आणि तडा महिन्यांनी जातो. त्याहून वाईट म्हणजे कुणी शहाणा निरोगी भोकच ४०.४ ला रीम करेल, म्हणजे आतून कापून मोठं करेल. काही तुटणार नाही, तक्रारही येणार नाही. विमानाची एक पायरी मात्र फुकट गेलेली असेल.

अण्णांनी मशीन बंद केलं आणि एवढंच विचारलं, “मग म्या केलेलं सात भंगारात का?”

भंगारात नाही. मोठं लहान करता येतं. पण आतला व्यास फिनिश झालेला नग पुन्हा चकमध्ये धरला की दाबून त्रिकोणी होतो. म्हणून फुगणारा मँड्रेल, म्हणजे नग आतून धरणारा दांडा, लावायचा आणि बाहेरून टर्न करायचं. आतल्या-बाहेरच्या गोलाईचा केंद्रफरक ०.०२ च्या आत यायला हवा होता. सातातले पाच आले. दोन गेले.

ग्राहकाकडं फोन लावला आणि सरळ विचारलं: तुमच्या कोणकोणत्या विमानाचं भोक कुठल्या पायरीवर आहे? रशियन विमानांच्या मोठ्या भागांना ‘पासपोर्ट’ असतो. किती तास उडाला, किती लँडिंग झाल्या, कधी काय दुरुस्त केलं, सगळं त्या पुस्तिकेत. बुशला पासपोर्ट नसतो, पण ज्या पायात तो बसतो त्याला असतो. पलीकडं दोन दिवस लागले. उत्तर आलं ते असं: दहा भोकं मूळ मापाची, सहा पहिल्या पायरीची, आठांची नोंद सापडत नाही, मोजून सांगू. म्हणून २४ चं गणित असं बसवलं: १० बुश ४०.०५ चे, ६ बुश ४०.४५ चे आणि ८ अर्धवट, बाहेरून ४१.५ ला सोडलेले. भोक मोजायचं आणि मग टर्न करायचं. आतला व्यासही सगळ्यांचाच थोडा कमी ठेवला, कारण बुश दाबून बसला की आतून आवळतो; शेवटचं रीमिंग जागेवरच करावं लागतं.

संध्याकाळी चहाला मालकांनी विचारलं, एवढी कटकट असते तर देश जुनी विमानं विकत घेतात तरी कशाला? कारण नव्यासाठी रांग असते, आणि पैसे. आपणही १९७९ मध्ये जग्वार घेतली तेव्हा नवी येईपर्यंत ब्रिटिश हवाई दलाची १८ उसनी आणली होती. उलटही होतं. १९९७ पासून पुण्यात लोहगावला आलेली सुखोई-३० के सातारा-पुणे रस्त्यानं जाणाऱ्यांनी डोक्यावरून जाताना पाहिली असतील. तशी १८ होती. सुधारित सुखोई-३० एमकेआय आल्यावर ती परत दिली, बेलारूसमध्ये बारानोविचीच्या दुरुस्ती कारखान्यात उभी राहिली, आणि त्यातली १२ दुरुस्त-अद्ययावत होऊन २०१७ पासून अंगोलाला गेली. लोहगावच्या लँडिंगचा हिशेब आता तिकडच्या पासपोर्टात असणार.

आणि अद्ययावत केलेलं जुनं विमान नेहमी सोपं पडतं असंही नाही. क्रोएशियानं २०१८ मध्ये इस्रायलची १२ वापरलेली एफ-१६ निवडली. इस्रायलनं त्यात स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स घातली होती. ती काढून विमान मूळ रूपात आणल्याशिवाय विकू देणार नाही, असं अमेरिकेनं धरलं. जानेवारी २०१९ मध्ये सौदा मोडला. पुढं २०२१ मध्ये त्यांनी फ्रान्सची वापरलेली १२ राफेल घेतली.

रडार बदलायचं ठरलं तरी हीच गत. नवं रडार जास्त वीज मागतं, जास्त थंड हवा मागतं, नाकातलं वजन बदलतं म्हणून तोल पुन्हा काढावा लागतो. हे कागदावर सुटतं. अडतं ते विमानात हात घातल्यावर. जुन्या वायरिंगवरचं आवरण वाळलेलं असतं, वायरींची जुडी वाकवली की तडकतं. उभ्या राहिलेल्या विमानाचे रबरी सील न उडताच कडक होतात. ब्रॅकेटची भोकं एका विमानात जुळतात, शेजारच्यात दोन मिलिमीटर सरकलेली निघतात, कारण मधल्या कुठल्यातरी दुरुस्तीत तिथं पत्रा बदललेला असतो. बारा विमानं घेतली तर किटही बारा तऱ्हांनी बसवावा लागतो.

माल जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला. प्रत्येक नगाच्या पुडक्यावर मोजलेला व्यास, मोजतानाचं तापमान आणि एक रिकामी ओळ: ‘भोकाचं माप’. सहा नगांवर काय कोरायचं यावर थोडी चर्चा झाली. अण्णांचं मत ‘पी’च कोरा, मुळाबरहुकूम. ग्राहकानं ‘आर १’ सांगितलं.

तीन आठवड्यांनी तिकडून फोन आला. नोंद नसलेल्या आठांपैकी एक भोक ४०.६२ निघालं होतं, कुठल्याच पायरीत न बसणारं. मागं कधीतरी कुणीतरी खड्डा जाईपर्यंत रीम केलेलं. कानाची भिंत अजून मापात होती, म्हणून अर्धवट बुशांतला एक ४०.६७ ला टर्न करायचा होता, पण त्यांच्या लेथवर पृष्ठभाग फाटल्यासारखा येत होता. फोन अण्णांकडं दिला.

“गन मेटल समजून लावलाय काय?” अण्णा म्हणाले. “कापायची टीप नवी घ्या, धारदार, कोटिंग नसलेली. कूलंट धो धो सोडा. आणि शेवटचा कट एक दशांशापेक्षा बारीक घेऊ नका, न्हाईतर ती कापत न्हाई, नुसती घासती.”