उत्तरेच्या खोलीला दिलेला चिंचोक्याचा रंग

गावाकडचे घर विकल्यावर आजोबांचे शिसवी कपाट आमच्या पुण्याच्या घरी आले आणि पांढऱ्या भिंतीपुढे नुसता काळा ठोकळा दिसू लागले. त्या कपाटासाठी मी वाचायच्या खोलीला गडद, उबदार तपकिरी रंग द्यायचे ठरवले. आईचा विरोध होता. खोली दहा बाय अकरा फुटांची, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला, त्यामुळे ती अंधारी होईल, असे तिचे म्हणणे. ते खोटे नव्हते. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकते, तर गडद तपकिरी भिंत जेमतेम दहा टक्के. पण मला ती खोली संध्याकाळी वाचत बसण्यासाठी हवी होती, म्हणून मी माघार घेतली नाही.

चूक झाली ती शेड निवडताना. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेडकार्डावरचा एक तांबूस तुकडा मला काताच्या रंगाचा वाटला आणि मी तिथल्या तिथे एक लिटरचा डबा बनवून घेतला. घरी रंगारी मामांनी त्याचा दोन फुटी चौकोन भिंतीवर मारला. सुकल्यावर पाहिले, तर तो वांग्याच्या सालीसारखा जांभळट दिसत होता. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड, आणि तांबड्याकडे झुकणारा तपकिरी रंग त्यात असा बदलतो. मशीनवर बनवलेला रंग दुकानदार परत घेत नाहीत. मग मी पिवळसर झाक असलेल्या तीन शेड पुठ्ठ्यांवर मारून घेतल्या आणि चार दिवस ते पुठ्ठे कधी खिडकीजवळ, तर कधी कपाटाशेजारी उभे करून सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहिले. त्यांतली चिंचोक्याच्या सालीसारखी दिसणारी शेड प्रत्येक वेळी तपकिरीच राहिली.

भिंतीच्या भेगांत लांबी (पुट्टी) भरणे आणि घासणे दोन दिवसांत उरकले. प्रायमरच्या वेळी मामा म्हणाले, "ताई, पांढऱ्यावर हा रंग झाकायला चार हात लागतील. तो पहिला डबा प्रायमरमध्येच घालू या." दोन्ही पाण्यावरचेच असल्याने ते सहज मिसळले आणि भिंत आधीच फिकट तपकिरी झाली. तरीही रंगाचा पहिला हात इतका पट्टेरी आला की मी घाबरले. गडद शेडसाठी वापरतात त्या बेसमध्ये, म्हणजे मशीन ज्यात रंगछटा मिसळते त्या मूळ रंगात, पांढऱ्या रंगद्रव्याचा भाग फार थोडा असतो, त्यामुळे खालचे झाकण्याची ताकद कमी पडते, हे मला नंतर कळले. तीन हात लागले. चार-चार लिटरचे दोन डबे वेगवेगळे बनवलेले होते, म्हणून मामांनी ते मोठ्या बादलीत एकत्र केले आणि एक भिंत पूर्ण होईपर्यंत मध्ये चहालाही थांबले नाहीत. कड सुकली की गडद रंगात जोड स्पष्ट दिसतो.

छतालाही तोच रंग द्यावा असे माझ्या मनात होते. तो विचार सोडला याचे आज समाधान वाटते. तपकिरी म्हणजे खरे तर काळोखा नारिंगी, आणि शेजारी त्याहून उजळ काही असेल तरच डोळ्याला तो तपकिरी दिसतो. म्हणून छत आणि खिडकीची चौकट सायीच्या रंगाची ठेवली. शेवटी बल्ब बदलले. जुन्या 6500 केल्विनच्या पांढऱ्या बल्बखाली भिंत ओल्या मातीसारखी दिसे. 2700 केल्विनचे पिवळसर उजेडाचे दोन दिवे, एक टेबलावर आणि एक कपाटाशेजारी खाली, लावल्यावर भिंतीला ऊब आली आणि कपाटाच्या दारावरच्या शिसवीच्या तांबूस रेषा, ज्या पांढऱ्या भिंतीपुढे कधी नजरेत भरल्या नव्हत्या, कोपऱ्यापर्यंत उमटल्या.

आईचे म्हणणे दिवसापुरते खरे ठरले. पावसाळ्यात सकाळी अकरालाही तिथे दिवा लावावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा तीच लावते, कारण आता वर्तमानपत्र घेऊन ती त्याच खोलीत बसते.