आमची वाटचाल: स्टिकरवर स्टिकर

सांगलीत एखाद्या जुन्या दुकानात काउंटरमागे धूळ खात पडलेला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, दिसला, तर त्यावरचं लाल स्टिकर नखाने जरा उचलून बघा. खाली आमचं निळं निघेल. लाल स्टिकर ज्याचं आहे त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. केबल आम्ही ओढलेली, पट्ट्या आम्ही मारलेल्या, भिंतीतली भोकंसुद्धा आमच्या ड्रिलची. एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे पैसे मात्र त्याचे.

2004 साली आम्ही दोघांनी मिळून अलार्म आणि कॅमेरे लावायच्या या धंद्याला सुरुवात केली. मी इंटरकॉम आणि ईपीएबीएक्सची (ऑफिसातल्या टेलिफोन एक्सचेंजची) कामं करायचो, तो वायरिंगवाला. भांडवल म्हणजे मिरजेतून सेकंडहँड आणलेलं एक हॅमर ड्रिल, पाइपात घालायची स्प्रिंग, एक मल्टीमीटर आणि बीएनसीचं, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या कनेक्टरचं, दाबायचं क्रिम्पिंग टूल. ते टूल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मुठीवरचं रबर झिजून गेलंय, तिथे सायकलची ट्यूब कापून गुंडाळली आहे. ते मी कोणाला हात लावू देत नाही. आजची पोरं स्क्रूवाली बीएनसी पिळतात आणि निघून जातात. सहा महिन्यांनी ती सैल होते, चित्रावर आडव्या रेघा धावायला लागतात आणि गिऱ्हाईक म्हणतं कॅमेरा खराब आहे. कॅमेऱ्याला काही झालेलं नसतं. आरजी 59 केबलची आतली तारेची जाळी नीट मागे सारून, पिन बसवून, एकदाच दाबायचं आणि मग ओढून बघायचं. ओढून बघणं कोणी करत नाही.

त्याच्याकडे एक कसब होतं, ते मान्य करतो. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून तो सांगायचा, इथे सळई आहे, इथून लाइटचा पाइप गेलाय. कधी चुकला नाही. मी अजूनही चुकतो.

सुरुवातीची कामं कॅमेऱ्याची नव्हतीच. दुकानाच्या शटरला जाड मॅग्नेट, आत हूटर, म्हणजे भोंगा, आणि लँडलाइनला जोडलेला, आपोआप फोन लावणारा ऑटो डायलर. चोर शहाणे होते, आधी बाहेरची फोनची वायर कापायचे. म्हणून आम्ही हूटरची बॅटरी वेगळी आणि उंचावर ठेवायचो. ही साधी गोष्ट आज ऑनलाइन तयार किटचा डबा घेणाऱ्यांना सांगावी लागते.

2011 च्या सप्टेंबरमध्ये एका पतसंस्थेची 23 शाखांची ऑर्डर मिळाली. प्रत्येक शाखेत एक डीव्हीआर, त्यात दोन हार्ड डिस्क. रेट लिहून दिला, शिक्का मारला, पेढे वाटले. ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला. सांगलीतल्या माणसाला अयुथ्थयाच्या पुराशी काय घेणं, असं आम्हालाही वाटलं. पण जगातल्या हार्ड डिस्कचे मोठे कारखाने तिथेच होते आणि ते पाण्याखाली गेले. दिवाळीनंतर पुण्याच्या डीलरला फोन केला, तर डिस्कचा भाव दुपटीच्या वर. एका डिस्कमागे साडेतीन हजार जास्त, अशा 46 डिस्का. करा हिशोब. आमच्या आकाराच्या फर्मला एक लाख साठ हजार म्हणजे वर्षाची कमाई.

तो म्हणाला, रेट वाढवून मागू, नाही दिला तर काम सोडू. मी म्हणालो, शिक्का मारलाय. दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी शब्द पाळला, बायकोच्या पाटल्या मोडल्या, 23 शाखा पूर्ण केल्या. फेब्रुवारीत तो वेगळा झाला आणि जाताना गिऱ्हाइकांची वही झेरॉक्स करून घेऊन गेला. हिशोबाच्या बाजूने तोच बरोबर होता, हे मला नंतरच्या दोन वर्षांत कळलं. वहीच्या बाजूने मात्र नाही. आणि त्या पतसंस्थेने पुढची एएमसी कोणाला दिली? शंभर रुपये कमी घेणाऱ्याला. तिथूनच स्टिकरवर स्टिकर सुरू झालं.

2012 ते 2018 बरं गेलं.

मग 2019 चा ऑगस्ट. दुकान गणपती पेठेच्या बाजूला. आमच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती, घरमालकाने तेलाच्या रंगाने रेघ ओढून ठेवली होती. रेडिओवर, व्हॉट्सॲपवर आकडे यायला लागले तसा सगळा माल आम्ही त्या रेघेच्या वर हातभर चढवला. डीव्हीआर, कॅमेऱ्यांना वीज देणारे एसएमपीएस, कॅमेऱ्याच्या थ्री प्लस वन केबलची बंडलं. रेघेवर माझा इतका विश्वास होता की विम्याची फाइलही तिथेच ठेवली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तेव्हा आत पावलाच्या वर चिखल आणि डीव्हीआरच्या जाळ्यांमधून गाळ बाहेर येत होता. उघडून, टूथब्रशने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, उन्हात वाळवून चाळीसपैकी नऊ चालू झाले. त्यातला एकही मी नवा म्हणून विकला नाही.

वाळवायला जागा दिली ती विश्रामबागच्या बाईंनी. निवृत्त मुख्याध्यापिका, विषय गणित. 2006 पासूनच्या आमच्या गिऱ्हाईक. त्यांच्याकडचा पहिला अलार्म पावसाळ्यात रात्री दोनला वाजायचा. चार वेळा गेलो, सगळं ठीक. पाचव्या वेळी त्यांनीच टॉर्च मारून दाखवलं: मोशन सेन्सरच्या भिंगावर पाल बसली होती. सेन्सरला उष्णतेची हालचाल दिसते. लांबच्या माणसाएवढीच भिंगावरची पाल त्याला मोठी. त्या म्हणाल्या, "तुमच्या यंत्राला अंतर कळत नाही, म्हणून त्याला पालीचा माणूस दिसतो." तेव्हापासून सेन्सरच्या बाजूला मी डांबराची गोळी ठेवतो. शास्त्र माहीत नाही, पाली येत नाहीत. पुरानंतर त्यांनी तीन वर्षांच्या एएमसीचा चेक एकदम दिला. म्हणाल्या, "उधार नाही, ॲडव्हान्स आहे. हिशोबात लिहा."

पुरातून उठतोय तोवर दुसरंच पाणी आलं. दीड हजाराचा वायफाय कॅमेरा, डबा उघडा, भिंतीला चिकटवा, मोबाइलवर बघा. गिऱ्हाईक आमचं कोटेशन हातात धरून विचारायचं, केबलचेच एवढे? लाल स्टिकरवाल्याने मिरज रोडला फ्लेक्स लावला: केबल नको, भोक नको, कारागीर नको. ज्याने माझ्याबरोबर सात वर्षं भोकं पाडली तो हे लिहितो! मी दोन वर्षं दुकानात बसून डब्यांना शिव्या दिल्या. धंदा निम्म्यावर आला, पोरं दोन कमी केली.

2022 मध्ये बाईंच्या एएमसीच्या व्हिजिटला गेलो आणि दारातच थबकलो. जुनं पॅनल खाली उतरवलेलं, त्या जागी पांढरा हब, म्हणजे सगळे सेन्सर ज्याला बिनतारी जोडतात तो. अमेरिकेतल्या मुलाने इथल्याच साइटवरून किट पाठवलं होतं: हब, तीन डोअर सेन्सर, दोन मोशन सेन्सर, रिमोट, हूटर. 74 व्या वर्षी बाईंनी ते स्वतः लावलं होतं. स्पिरिट लेव्हल लावून. चौकटीच्या वहीत घराचा नकाशा, प्रत्येक सेन्सरला क्रमांक, बॅटरी घातल्याची तारीख.

खोटं कशाला बोलू, चूक सापडावी म्हणूनच मी घरभर फिरलो. तीन सापडल्या. हॉलचा मोशन सेन्सर पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून होता, म्हणजे दुपारी उन्हाने पडदा तापला की आरडाओरडा. तो खिडकीकडे पाठ करून, सात फुटांवर, चोर समोरून न येता आडवा जाईल असा लावायचा. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता, लाइट गेली की सगळं घर आंधळं. आणि हबमध्ये जिओचं सिम घातलं होतं. हब 2जीचा, जिओला 2जी नाहीच, मग फोन जाणार कुठून? बाईंनी तिन्ही चुका वहीत लिहून घेतल्या आणि विचारलं, "एवढंच ना? मग याचे व्हिजिटचे किती?"

त्या आठवड्यात मी दुकानात वेगळं टेबल मांडलं. पाटी: तुमचं तुम्ही लावा. चार प्रकारची किटं उघडून ठेवली आहेत, हात लावून बघा. कोणतं घेऊ म्हणून लोक विचारतात, मी उलट विचारतो: तुम्ही रात्री घरात असता की घर बंद असतं? कॅमेरा चोराला अडवत नाही, फक्त त्याचा फोटो काढतो. बंद घराला आधी दाराचे सेन्सर आणि हूटर, कॅमेरा नंतर. माणसं घरात असतील तर आधी बाहेरचा एक कॅमेरा, आणि तो हाताला येईल एवढा खाली नको. रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असतं, चोर कॅमेराच उपटून नेतो आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. साधा 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा 2 एमबीपीएसवर दिवसाला एकवीसेक जीबी लिहितो. 128 जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि स्वस्त कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर मरतं. महिनाभराची रेकॉर्डिंग हवी असेल तर डब्यावरचं चित्र बघू नका, गपचूप डीव्हीआर घ्या आणि केबल ओढा. आमच्याकडूनच ओढा असं नाही. ओढा मात्र.

लोखंडी सेफ्टी डोअरला किटमधलं नाजूक मॅग्नेट चालत नाही, लोखंड त्याची ताकद खातं. शटरचं जाड मॅग्नेट वेगळं मिळतं. चुन्याच्या भिंतीवर टेप टिकत नाही, भोकात प्लास्टिकची गिट्टी घालून स्क्रू मारा. वायफाय बहुतेक किटांना 2.4 गिगाहर्ट्झचंच लागतं, राउटर 5 गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी होत नाही आणि लोक किट परत पाठवतात. पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे पासवर्ड तसेच ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. एप्रिल 2025 पासून आपल्याकडेही नवीन कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा तपासणी लागते, प्रमाणपत्र विचारा. आणि ॲपचं खातं घरात राहणाऱ्याच्या मोबाइलवर उघडा. परदेशातल्या मुलाच्या नावावर असलं की इकडे हूटर वाजतो तेव्हा तिकडे तो मीटिंगमध्ये असतो.

या टेबलावर आता महिन्याचं भाडं निघतं. लाल स्टिकरवाल्याचा एक पोरगा मागच्या पावसाळ्यात रिमोट मागायला आला होता, त्यांच्याकडे संपले होते. डीलरच्या रेटने दिला. बिल मात्र पक्कं केलं.

बाईंकडे परवा बॅटरी बदलायला गेलो. म्हणजे त्यांनीच बदलल्या, मी स्टूल धरलं. वर हूटरवर बघतो तर आमचं निळं स्टिकर. जुन्या पॅनलवरून सोडवून सेलोटेपने चिकटवलेलं, जरा तिरकं. त्यावरचा नंबर दुकानाच्या लँडलाइनचा आहे. पुरानंतर तो फोन परत लागलाच नाही.