विश्वामित्रीचं पाणी आणि आमची दफ्तरखोली

2024च्या जन्माष्टमीला वडोदऱ्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फुटांची. नदी 35 च्याही वर गेली. मी एका जुन्या शिक्षणसंस्थेत रेकॉर्ड सांभाळते. आमची दफ्तरखोली तळमजल्यावर. गुरुवारी, 29 ऑगस्टला, शिपाईकाकांनी आणि मी कुलूप काढलं. पाणी ओसरलं होतं, पण रॅकचे खालचे दोन खण चिखलात बुडून निघाले होते.

ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. त्यातला बराचसा वेळ आम्ही घरात अडकून पडलो तेव्हाच गेला होता. कुणीतरी म्हणालं, सगळं गच्चीवर उन्हात टाकू. मी हात जोडून थांबवलं. कडक उन्हात कागद आकसतो, वाकडा होतो. आणि ओला गठ्ठा ओढून उघडला की पानं हातात येतात.

शेकडो गठ्ठे, माणसं पाच. आधी कुठला उचलायचा?

वरच्या मजल्यावरच्या कपाटात माझी यादीची वही होती. दोन वर्षं खपून केलेली: गठ्ठ्याचा नंबर, रॅक, खण, साल, आणि शेवटच्या रकान्यात ‘किती वर्षं ठेवायचं’. त्या एका रकान्यासाठी मी प्रत्येक विभागाच्या दारात उभी राहिले होते, कारण ‘सगळंच ठेवा’ म्हणणं सगळ्यांना सोपं वाटतं. आता वही उघडली आणि नंबर वाचत गेले. जनरल रजिस्टर, सर्व्हिस बुकं, जमिनीचे कागद: कायम. ती आधी. रजेचे अर्ज, मुदत संपलेली पावतीपुस्तकं चिखलातच राहू दिली.

रजिस्टरं भिजून जड झाली होती. माझ्या मावशीचा श्रीखंडाचा धंदा आहे आणि त्यांच्या भागात वीज आली होती. “आण गं सगळं, डबे हलवते,” म्हणाल्या. एकेक रजिस्टर बटर पेपरात गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. गोठवलं की बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढून वाळवता येतं. बाकीच्यांच्या पानांमध्ये कोरे कागद घातले, वर्तमानपत्र नाही, त्याची शाई उतरते. पंखे दिवसरात्र चालू.

वाळवताना जे दिसलं ते माझ्या मनातून जात नाही. 1931चं रजिस्टर, काळ्या पडलेल्या जुन्या शाईचं, अक्षर न् अक्षर शाबूत. 1990च्या दशकातली निळ्या शाईची पानं मात्र धुऊन आकाशासारखी झालेली. कापडी रुमालात घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यांत पाणी कडेने दोन बोटंच शिरलं होतं; प्लास्टिकच्या बॉक्सफाइलींनी मात्र ते पोटात धरून ठेवलं होतं. माझे आजोबा रुमाल बांधताना गाठ दोनदा आवळायचे. मी आता तशीच आवळते. गुळगुळीत कागदाची वार्षिकं विटेसारखी चिकटली, ती गेली.

कायमचं रेकॉर्ड आता पहिल्या मजल्यावर आहे. जे गेलं, तेही मी यादीतून खोडलेलं नाही. प्रत्येक नंबरासमोर लाल पेनाने लिहिलं: ‘पुरात नष्ट, ऑगस्ट 2024’, खाली माझी सही आणि शिपाईकाकांची.