दुखणं किती फुटांवर?

आमच्या आमवातवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुखणं फुटांत मोजतात. डॉक्टर विचारतात, शून्य ते दहामध्ये किती? त्याचं उत्तर कुणालाच नीट देता येत नाही. पण राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. एका पावसाळ्यात कसबा बावड्याच्या वहिनींनी सकाळी सहाला लिहिलं, "माझे गुडघे आज 41. जनावरं हलवायच्या तयारीत ऱ्हावा." तेव्हापासून हेच माप रूढ झालं.

मी शिवणकाम करते. मंगळवार पेठेत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. 2018 च्या दिवाळीत ब्लाउजांचा ढीग पडलेला आणि सकाळी उजव्या हातात कात्री मिटेना. दहा-साडेदहापर्यंत बोटं सैल व्हायची आणि मी विसरून जायचे. मग डावा हात, मग पायाचे तळवे. या दुखण्याचं नाव रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे आमवात, हे कळायला सात महिने गेले. त्यातले तीन एका मालिशवाल्याकडे. त्याबद्दल आजही आमच्यात घरी कुणी बोलत नाही.

ग्रुप सुरू झाला जानेवारी 2020 मध्ये, दवाखान्याबाहेरच्या बाकावर. सात बायका, नंबर यायला तीन तास, आणि प्रत्येकीच्या पिशवीत तीच ती फाइल. एकमेकींचे सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे अंगात सूज किती ते सांगणारे रक्ताचे आकडे, विचारत बसलो, दहावीचे मार्क विचारावेत तसे. "पुढच्या वेळी कोण लवकर येऊन नंबर लावणार" एवढं ठरवायला व्हॉट्सॲप ग्रुप काढला. फोन माझ्या हातात होता म्हणून मी ॲडमिन. त्याहून मोठी पात्रता काही नव्हती.

दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गायब झाली. करोना होऊ नये म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांनी ती घ्यावी असा सल्ला आयसीएमआरने दिला होता. 26 मार्चला सरकारने ती शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, पण तोवर लोकांनी घाबरून ती घरात भरून ठेवली होती. आमच्यातल्या निम्म्याजणी वर्षानुवर्षं हीच गोळी घेत होत्या. राजारामपुरीत नाही, शाहूपुरीत नाही. मग ग्रुपवर वही मांडली, कुणाकडे किती स्ट्रिप, कुणाची कधी संपते. इचलकरंजीहून एक दादा दुधाच्या गाडीबरोबर दोन स्ट्रिप पाठवायचे. चिठ्ठीवरचं औषध असं हातोहात देऊ नये हे मला तेव्हाही कळत होतं. आज तसं करू देणार नाही. तेव्हा केलं.

लॉकडाऊन संपला तेव्हा आम्ही एकशे चाळीस झालो होतो आणि ग्रुपवर औषधांचा बाजार भरला होता. "मला पंधरा मिलिग्रॅम दिलंय, तुम्ही दहाच का घेताय?" "मी स्टेरॉइड बंदच केलं, काही होत नाही." हे वाचून एकीने खरंच गोळी अर्धी केली. मग जयसिंगपूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना दुसरं ॲडमिन केलं. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. ते फॉरवर्डमधली शुद्धलेखनाचीही चूक काढतात. आम्ही दोघांनी नियम केला, ग्रुपवर औषधाचा डोस लिहायचा नाही. लिहिला की मेसेज डिलीट. 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली. गुरुजींच्या हाती लाल पेनच आलं.

आणि मग गडहिंग्लजच्या काकू.

काकूंची ओळख आधी करून देते. आमच्या भागात बायका "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. काकू टाइपही तसंच करतात. पुण्याहून नवीन आलेल्या एका ताईंनी मला खासगीत विचारलं होतं, "ते गडहिंग्लजचे काका फार गोड बोलतात, कोण आहेत हो?"

एका रात्री पावणेअकराला काकूंचा मेसेज आला. "चार दिस तोंड आलंय. आमटीबी जात न्हाई. रोज दोन दोन गोळ्या गिळतो तरी हात 42 वरच. आता काय करतो मी?" दुसऱ्याच मिनिटाला तो मेसेज दिसेनासा झाला. गोळ्यांची संख्या लिहिली होती, गुरुजींनी नियमाप्रमाणे पुसला.

मी तेव्हा एका साडीला फॉल लावत होते. मेसेज वाचून झाला होता, पण "रोज" हा शब्द डोक्यात अडकला. काकूंच्या गोळ्या मला माहीत होत्या, कारण माझ्याही त्याच. आमवाताची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिड बाकीचे सहा दिवस. दोन्ही लहान, दोन्ही पिवळ्या. मी फोन लावला, सुनेने उचलला. तिला म्हटलं, पाकिटं आण आणि नावं एक एक अक्षर वाच. तिने वाचलं. औषधाच्या दुकानातून आलेल्या कागदी पिशव्यांवर पेनने लिहिलेलं उलटं झालं होतं. मेथोट्रेक्सेटच्या पिशवीवर "रोज", फॉलिक ॲसिडच्या पिशवीवर "रविवारी".

मेथोट्रेक्सेट जास्त झालं की तोंड येणं ही पहिली खूण असते. आत रक्त तयार व्हायचं काम मंदावत असतं. त्या रात्रीच काकूंना हलवलं. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, अकरा दिवस ठेवून घेतलं. वाचल्या.

काकू वाचल्या म्हणून लोकांनी ग्रुपवर मला फुलं पाठवली. मी मात्र आठवडाभर एकच विचार करत होते, की मी त्या दोन मिनिटांत फोन बघितला नसता तर? चूक शोधणारा मेसेज आमच्याच नियमाने पुसला होता. नियम चांगला होता, पूर्ण विचार करून केला होता, आणि त्याने एका बाईचं तोंड बंद केलं होतं.

गुरुजींशी यावर मोठं वाजलं. ते म्हणाले, "एका प्रसंगावरून नियम मोडायचा नसतो." मी म्हटलं, गुरुजी, ही शाळा नाही. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच नवीन वाक्य लिहून पाठवलं, विरामचिन्हांसकट: "स्वतः काय घेता ते जरूर सांगा, दुसऱ्याने काय घ्यावे ते सांगू नका." हाच आजचा नियम. त्यामुळे आमचं काम कमी न होता तिप्पट झालं, कारण आता पुसायच्या आधी वाचावं लागतं. सकाळी तर लोक टाइपही करत नाहीत, बोटं चालत नसतात, सगळे व्हॉइस मेसेज. साडेपाच ते आठ मी कानात इअरफोन घालून हूक लावते आणि चाळीस जणांचे सांधे ऐकते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या मेसेजला ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. गुरुजींनी ते कात्रण मला मोठ्या समाधानाने पाठवलं होतं. मी अंगठा दाखवला आणि शिवायला बसले.

पुड्यांचं प्रकरण सगळ्याच ग्रुपवर असतं, ते थोडक्यात सांगते. आमच्याकडे एक भाऊ होते, चांगला माणूस, कुणालाही दवाखान्यात सोडायला स्वतःची गाडी काढायचे. त्यांना कुठून तरी बिननावाची पावडर मिळाली आणि पंधरा दिवसांत ते रंकाळ्याला चक्कर मारायला लागले. रोज फोटो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं हे मी तीनदा समजावलं. पण जो माणूस खरंच चालतोय त्याच्यापुढे माझं बोलणं कोण ऐकणार? त्यांनी ग्रुपवर पुडीची किंमत टाकली त्या दिवशी गुरुजींनी त्यांना काढलं. बरोबरच केलं. फक्त नंतर माझ्या ध्यानात आलं, की ती पुडी अचानक बंद केली तर काय त्रास होतो हे त्यांना सांगायला आता ग्रुपवर कुणी नाही. मी खासगीत लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. गेल्या महिन्यात अचानक मेसेज आला, "ताई, परत घेता काय?" मी अजून गुरुजींना विचारलेलं नाही.

काकूंच्या प्रकारानंतर आम्ही हजेरी सुरू केली. ज्याचा जो वार, त्या वारी रात्री साप्ताहिक गोळी घेतली की एक शब्द लिहायचा. रविवारवाले सगळ्यात जास्त, बुधवारवाले बारा. दहा वाजेपर्यंत ज्याचं नाव नाही त्याला मी किंवा गुरुजी फोन करतो. बहुतेक वेळा फोन चार्जिंगला लावलेला असतो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत असतात. तरी करतो.

काकूंच्या दोन्ही औषधांना सुनेने आता वेगवेगळे डबे केलेत. रविवारच्या गोळीचा डबा कुंकवाच्या करंड्याशेजारी, देवघरात. काल पावणेदहा झाले तरी काकूंचं नाव नव्हतं. मी नंबर काढतच होते, तेवढ्यात आलं.

"घेतली. 36 फूट. झोपतो आता."