दिवसाला फूटभर

घाटरस्त्यांवरच्या दरडी तपासणं हे माझं काम. त्या दिवशी कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडातल्या डोनर खिंडीत जुन्या रस्त्यावरच्या एका कड्याची पाहणी चालू होती. दुपारी गारा कोसळायला लागल्या, तसा मी आणि माझा मदतनीस जवळच्या बोगद्यात शिरलो. तिथले रूळ 1993 सालीच काढलेले.

हा सहा नंबरचा बोगदा, अमेरिका आरपार जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेमार्गावरचा. लांबी 1,659 फूट, उंची समुद्रसपाटीपासून जवळपास 7,000 फूट. हे आकडे मला पाठ होते. पण टॉर्चचा झोत भिंतीवर पडला आणि पाय थबकले.

ग्रॅनाइटमध्ये सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या पन्हळी जशाच्या तशा राहिल्या होत्या. आमच्या यंत्रांची भोकं पट्टीनं आखल्यासारखी सरळ असतात. ही किंचित वाकडी, हातानं पाडलेली. एकानं पहार धरायची, बाकीच्यांनी घण घालायचे, आणि प्रत्येक घावानंतर धरणाऱ्यानं पहार जराशी फिरवायची. घण चुकला तर मनगट गेलं! हे काम मुख्यतः चिनी मजुरांनी केलं. 1866-67 च्या हिवाळ्यात बाहेर हिमवादळं चालू असताना ते बर्फाखाली खणलेल्या वाटांनी ये-जा करत आणि आत खडक फोडत. सुरुंगात ठासायची काळी दारू या दगडापुढे दुबळी पडायची. दिवसाला जेमतेम फूटभर बोगदा पुढे सरकायचा. नंतर तिथंच नायट्रोग्लिसरीन हे जास्त जोरदार स्फोटक बनवू लागले. आज आम्ही एका स्फोटात तीन-चार मीटर पुढे जातो.

वेळ वाचवायला मधोमध वरून विहीर खणली होती, म्हणजे एकाच वेळी चार तोंडांनी काम. ऑगस्ट 1867 मध्ये तोंडं एकमेकांना भिडली आणि फरक निघाला अवघा काही इंचांचा. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचूनसुद्धा शहारा येतो.

त्याच वर्षी जूनमध्ये या मजुरांनी संप केला होता. मागणी महिना 40 डॉलरची आणि बोगद्यातले तास कमी करण्याची. रेल्वे कंपनीचं बांधकाम सांभाळणाऱ्या चार्ल्स क्रॉकरनं त्यांचं अन्न तोडलं, आठवड्याभरात संप मोडला. पगारपत्रकात बहुतेकदा टोळीच्या मुकादमाचंच नाव. घण घालणाऱ्याचं नाहीच. याचा मला आजही राग येतो.

मदतनीसाला म्हटलं, "टेप काढ." एकेका पन्हळीची लांबी घेतली, कोन घेतला, वहीत उतरवला. कुणी सांगितलं नव्हतं. गारा थांबल्या, तरी आम्ही अंधारात मोजत राहिलो.